वरचा ओठ

मारुतराव भोईटे आणि त्यांची सून वृंदा यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, हे अजिंक्य सोसायटीत गेटवरच्या चौकीदारापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरी बाळ सप्रे यांनाही ते ठाऊक असणारच. पण सप्रे हा गृहस्थच असा, की दोन माणसांचं पटत नाही असं दिसलं की त्यांना एका सोफ्यावर शेजारी शेजारी बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वार्षिक सभेत, समोसे वाटून झाल्यावर, ते उभे राहिले आणि त्यांनी जाहीर करून टाकलं की सोसायटीचे संस्थापक कॅप्टन मारुतराव भोईटे यांचा अर्धपुतळा गेटपाशी बसवायचा, गणपतीत त्याचं अनावरण करायचं, आणि "आनंदाची गोष्ट अशी की शिल्पकार आपल्या घरच्याच आहेत, आपल्या वृंदावहिनी, कॅप्टनसाहेबांच्या सूनबाई." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मारुतराव ताठ बसले होते आणि शेवटच्या रांगेत वृंदा हातातल्या समोशाकडे बघत होती.

दोघांनाही नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं तर घरचं सगळं धुणं त्या हॉलमध्ये वाळत घालावं लागलं असतं. मारुतरावांना वाटलं, ही नाही म्हणेल. वृंदाला वाटलं, हे म्हणतील. आपण आधी नाही म्हणून समोरच्याला जिंकू द्यायचं, एवढं मन दोघांचंही मोठं नव्हतं. अशा रीतीनं पुतळ्याचं ठरलं.

साल चौऱ्याण्णव. दिल्लीत यमुनेपलीकडे पटपडगंजच्या रेताड मैदानात तेव्हा रोज एक नवी इमारत उभी राहत होती. लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत हयात काढलेल्या मराठी माणसांना मारुतरावांनी एकत्र केलं होतं, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते, साहेबलोकांशी फौजी हिंदीत भांडले होते, आणि साताऱ्याच्या किल्ल्याची आठवण म्हणून सोसायटीचं नाव अजिंक्य ठेवलं होतं. फौजेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त होताना त्यांना मानाची कॅप्टनकी मिळाली होती. ती ते इस्त्रीच्या शर्टासारखी रोज अंगावर घालत. त्यांना एकच मुलगा, नरसिंह. तो केंद्र सरकारच्या एका खात्यात होता, लक्ष्मीबाई नगरात झाडांच्या सावलीतल्या क्वार्टरमध्ये बायकोबरोबर सुखात राहत होता. मारुतरावांनी त्याला फ्लॅट घ्यायला लावला आणि यमुनापार आणलं.

नरसिंहला लहानपणापासून दमा होता. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मोठी आंधी आली. आजूबाजूच्या अर्धवट इमारतींची सगळी वाळू आणि सिमेंट हवेत उडालं, वीज गेली, फोन गेले, आणि रिक्षा मिळून ती पूल ओलांडेपर्यंत नरसिंहचा श्वास संपला होता. त्याला घरी आणलं तेव्हा मारुतरावांनी मागच्या बाल्कनीत ठेवलेली वृंदाची प्लास्टरची पोती बघितली आणि जमलेल्या माणसांदेखत म्हणाले, "हिच्या मातीनं माझा पोरगा खाल्ला." वृंदा तिथल्या तिथे म्हणाली, "या धुळीत आणून कुणी टाकलं त्याला? मी?" खरं सांगायचं तर दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य होतं, आणि म्हणूनच ते इतकं झोंबलं. तेराव्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. आधी ती त्यांना आबा म्हणायची. मग तिनं त्यांना कुठल्याच नावानं हाक मारणं सोडलं. ते समोरच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर राहत, ती तिसऱ्या मजल्यावर, आणि सकाळी दुधाच्या डेअरीवर एक रांगेत असेल तर दुसरा घरी परत जाई.

वृंदानं हे काम घेतलं त्याला हट्टाखेरीज आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

नरसिंहचं डोकं मातीत करायचा तिनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता. दरवेळी फसला होता. तो जिवंत असताना कधी समोर बसला नाही. मातीच्या वासानं त्याला शिंका येत. उरले ते फोटो. लग्नातला हार घातलेला, पासपोर्टचा, ऑफिसच्या पिकनिकचा. सगळे समोरून. फोटोत माणसाला मागची बाजू नसते. डोकं केवढं रुंद, कान किती मागे, जबडा कानाखाली कुठे वळतो, हे फोटो सांगत नाही, आणि ते कळलं नाही तर तुम्ही नाकडोळे कितीही हुबेहूब काढा, होतो तो मुखवटा. तिनं बोटांना आठवायला सांगून पाहिलं. बोटांना त्याचे केस आठवले, कपाळाचा ताप आठवला, पण मापं आठवली नाहीत. दोन वर्षांत तर चेहराही पुसट होऊ लागला होता. तिला सगळ्यात जास्त भीती वाटे ती याची. एक दिवस आपल्याला फक्त पासपोर्टचा फोटो आठवेल, आणि मग तेवढाच नवरा शिल्लक राहील.

त्या सभेत मारुतराव बुटाची नाडी बांधायला वाकले. शेवटच्या रांगेतून वृंदाला त्यांची मान दिसली. कवटीच्या खाली दोन खळगे, मध्ये शीर, आणि डोक्यापासून जरा सुटा असलेला डावा कान. ती मान नरसिंहची होती. तिच्या हातातला समोसा तसाच राहिला.

डोकं घडवताना आधी हाडं येतात. पाइपावर तारेची वेटोळी, त्यात लाकडाच्या फुल्या अडकवलेल्या, म्हणजे माती खाली घसरत नाही. त्यावर माती थापून नुसता अंड्यासारखा गोळा. मग कॅलिपरनं मापं घेत कपाळ, गालाची हाडं, जबडा. मग डोळ्यांच्या खोबणी आणि त्यात मातीच्या गोळ्या. मग कातडी. आणि वय सगळ्यात शेवटी. सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, गळ्याची लोंबती कातडी हे सारं वरून चढवायचं असतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं डोकं घडताना मध्ये एक वेळ अशी येते, की तो स्टँडवर तरुण होऊन उभा असतो. बहुतेक शिल्पकार त्या जागी थांबत नाहीत. वृंदा तिथेच थांबणार होती. बापाची हाडं घ्यायची, मुलगा दिसायला लागला की गुपचूप प्लास्टरचा साचा घ्यायचा, आणि साचा घेताना खालची माती मोडतेच, तेव्हा सप्रेंना सांगायचं की डोकं ढासळलं, पुन्हा सुरू करू. ही सरळ सरळ फसवणूक होती आणि तिला तिची लाज वाटत नव्हती.

मे महिन्यात बैठका सुरू झाल्या. जागा म्हणजे सोसायटीचा हॉल, ज्याच्या एका भिंतीला अजून प्लास्टर व्हायचं होतं. किल्ली मारुतरावांकडे असे, तशा सोसायटीच्या सगळ्याच किल्ल्या त्यांच्याकडे असत. पहिल्या सकाळी बाहेर लू, उन्हाचा भाजणारा वारा, सुटलेली असताना ते ब्लेझर घालून, टाय लावून, छातीवर पदकं अडकवून आले आणि खुर्चीवर बसले. घाम कानामागून वाहत होता. तो पुसायला त्यांनी रुमाल काढला नाही.

"कोट काढलात तरी चालेल. मी मान आणि डोकंच करणार आहे," वृंदा म्हणाली. दोन वर्षांत तिचं त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तू तुझं काम कर."

तिनं कॅलिपर उघडला आणि त्याची टोकं त्यांच्या दोन्ही कानांपाशी टेकवली. ते दचकले. तिनं माप सोडलं नाही. कानापासून नाकाचं टोक, कानापासून हनुवटी, गालाच्या हाडापासून गालाचं हाड. प्रत्येक माप घेऊन ती मातीत काडी खोचत होती.

"बाजारात ढोरं बघतात तसं चाललंय," ते म्हणाले.

"ढोरं इतकी हलत नाहीत."

यावर सप्रे असते तर हसले असते. हे दोघं हसले नाहीत. सप्रे तिथे पहिल्या दिवशी सरबत घेऊन आले होते. वातावरण बघून त्यांनी ग्लास खिडकीत ठेवले आणि मीटरचं रीडिंग घ्यायचंय असं काहीतरी पुटपुटत पळ काढला.

मग रोज सकाळी तेच. ते बसत, ती माती लावत असे, आणि हॉलमध्ये फक्त पंख्याची घरघर ऐकू येई. स्टँडचं तोंड तिच्याकडे असे, त्यामुळे त्यांना मागची बाजूच दिसे. काम पुरं होईपर्यंत बघायचं नाही, अशी तिची अट होती आणि शिस्तीचा माणूस म्हणून त्यांनी ती मोडली नाही. बघायला दुसरं काही नसल्यामुळे ते तिच्याकडे बघत. असं पाण्यात बघणारं माणूस समोर बसवून काम करायचं म्हणजे काय असतं, ते करून बघावं. ते मध्येच एखादं वाक्य टाकत. नरूची आई असती तर तो दिल्लीत राहिलाच नसता. नरूला लहानपणी दम लागला की मी त्याला खांद्यावर घेऊन कॅन्टोन्मेंटच्या मैदानावर फिरवायचो, तेव्हा कुठे प्लास्टर होतं घरात. वृंदा अंगठ्यानं माती दाबत राही. एकदा मात्र तिच्यानं राहवलं नाही. ती म्हणाली, लक्ष्मीबाई नगरात राहत होतो तेव्हाही बाल्कनीत हीच पोती होती, आणि तिथे तो वर्षानुवर्षं पायऱ्या धावत चढत होता. मारुतराव उठले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाले. बैठक चुकवणं म्हणजे हार, हे दोघांनीही मनाशी धरलेलं होतं.

पण त्यांना सगळ्यात जास्त काळजी होती ती मिशांची. त्यांच्या मिशा जाड, पांढऱ्या, टोकाला वळवलेल्या. पलटणीत त्या मिशांना वेगळा भत्ता द्यावा असं गमतीनं म्हणत. पुतळ्याला मिशा कधी येणार, असं ते रोज विचारत.

"शेवटी."

"शेवटी का?"

"केस शेवटीच येतात."

हे निम्मं खरं होतं. वृंदाला त्या मिशा नकोच होत्या. नरसिंह रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणारा माणूस. मिशा ठेवल्या तर आबांसारखा दिसेन, असं तो म्हणायचा आणि हसायचा. आता बाकीचं डोकं येत होतं, अगदी आपोआप येत होतं. एक दिवस तिनं डोळ्याची खोबण जरा खोल केली, भुवईखाली सावली पडली, आणि नरसिंह तिच्याकडे बघू लागला. ती घाबरली. त्यांना कळू नये म्हणून तिनं पाण्याची बादली उचलली आणि बाहेर जाऊन नळाखाली उगाच धरली. नळाला पाणी नव्हतं.

अडलं ते एकाच जागी. वरचा ओठ येईना. मिशांखाली मारुतरावांचा ओठ कसा आहे ते कुणालाच माहीत नव्हतं आणि नरसिंहचा ओठ फोटोत हसून ताणलेला होता. तिनं आठवून लावला, काढला, पुन्हा लावला. कधी तो रुसल्यासारखा दिसे, कधी दुसऱ्याच कुणाचा. तिला माहीत होतं की ओठ चुकतोय, आणि काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं. ज्या ओठाचं तिनं चुंबन घेतलं होतं तो तिला आठवत नव्हता, याची तिला इतकी शरम वाटली की तिनं तो बरा आहे असं ठरवून टाकलं. आणखी थांबणं धोक्याचं होतं. पावसाळा जवळ आला होता, सप्रे रोज डोकावत होते, म्हाताऱ्याच्या मनात कधी काय येईल सांगता येत नव्हतं. प्लास्टर आणायचं आणि साचा घ्यायचा, एवढंच उरलं.

त्या सकाळी बैठक आटोपल्यावर तिनं डोक्यावर पाणी शिंपडलं. मग ओलं फडकं चेहऱ्याभोवती गच्च गुंडाळलं, वर प्लास्टिक ओढलं आणि गळ्याशी दोरी बांधली. रोज काम थांबवताना ती हेच करायची. त्या उन्हाळ्यात माती उघडी राहिली तर संपलीच. आत तार आणि लाकूड असतं, ते आकसत नाही, वरची माती आकसते आणि तडकते. हे मारुतरावांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

ती पहाडगंजला जाऊन प्लास्टर घेऊन लक्ष्मीबाई नगरला बहिणीकडे, सुमित्राताईकडे, जेवायला थांबली. दुपारी आंधी उठली, आभाळ पिवळं झालं, पुलावरची वाहतूक अडली असं रेडिओवर सांगितलं, आणि सुमित्राताईनं तिला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईलाच ताप भरला. पोतं दाराशी ठेवून वृंदा तिथे अडकून बसली. परत आली ती त्यानंतरच्या दिवशी, दुपारच्या बसनं.

हॉलचं दार नुसतं लोटलेलं होतं. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आत लू भरली होती. स्टँड वळवलेला होता. त्याच्यासमोर, अगदी जवळ, ती लोखंडी खुर्ची ओढून ठेवली होती. खुर्चीवर फडकं चौकोनी घडी घालून ठेवलेलं होतं, फौजेत पांघरुणाची घालतात तशी, काठाला काठ जुळवून. त्यावर दोरीचं भेंडोळं आणि प्लास्टिक.

डोक्यावर कपाळापासून डाव्या गालापर्यंत एक भेग गेली होती. तिच्यात बोट जाईल एवढी ती रुंद होती. डावा कान खाली पडून फुटला होता. नाक मुळाशी सुटलं होतं. माती फिकट, राखाडी झाली होती. वृंदानं तिला हात लावला तर कपाळाची एक खपली तिच्या तळहातावर आली.

ती थेट समोरच्या ब्लॉकमध्ये गेली. मारुतराव टेबलापाशी बसले होते आणि सप्रे त्यांच्यासमोर बिस्किट चहात बुडवत होते. सप्रे तिला बघून म्हणाले, "अच्छा, वहिनी आल्या. या ना, चहा," आणि मग त्यांनी तिचं तोंड बघितलं. बिस्किट कपात विरघळलं.

"किल्ली तुमच्याकडे होती," वृंदा म्हणाली.

"माझ्याकडेच होती."

"बघायचं नाही असं ठरलं होतं."

"ठरलं होतं." मारुतरावांनी कप बाजूला सारला. "माझा पुतळा चाललाय असंही ठरलं होतं. मला रोज त्या खुर्चीत उकडत बसवून तू त्याला काढत होतीस. चोरून."

"हो."

"मला विचारलं असतंस तर?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"नाहीच म्हणालो असतो," ते म्हणाले. "आणि वरचा ओठ चुकलाय त्याचा. सगळा पोरगा बरोबर आणलास आणि ओठ कुणा परक्याचा लावलास. बायको म्हणवतेस."

वृंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. जे तिचं तिला ठाऊक होतं तेच त्यांनी बोलून दाखवलं होतं. तिनं त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. पण जे बोलली ते असं होतं की सप्रे खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले.

"एकदा मारलंत तेवढ्यानं भागलं नाही तुमचं," ती म्हणाली. "त्या धुळीत आणून मारलंत. आता माझ्याकडे तेवढं एक होतं, तेही तुम्हाला बघवलं नाही. माझ्याजवळ तो असू नये, एवढंच तुम्हाला हवंय. मेला तरी चालेल, पण सुनेच्या वाट्याला जायला नको."

मारुतरावांनी टेबलावरचा चष्मा घेतला, घातला, पुन्हा काढला. एवढं बोलून घेणारे ते नव्हेत, आणि सप्रे त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते.

"मी फक्त दोरी सोडली," शेवटी ते म्हणाले. "मिशा आल्या का बघायला गेलो होतो. दोरी सोडली, फडकं काढलं, आणि..." ते थांबले. "तोंडावर काही घेतलेलं त्याला सोसत नसे. दुलईसुद्धा. तुला ठाऊक असेल. पुन्हा बांधायला गेलो तर हात चालेना माझा. कसं बांधायचं? गळ्याशी? नाकातोंडावर ओलं फडकं?" त्यांनी चष्मा खाली ठेवला. "खिडक्या उघडून दिल्या. त्याला बरं वाटेल म्हणून."

वृंदाला ठाऊक होतं. जानेवारीत, दिल्लीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तो दुलई छातीपर्यंतच घ्यायचा. झोपेत तिनं वर ओढली की झिडकारायचा आणि उठून बसायचा, डोळे मोठे करून. सात वर्षं ती त्याच्याशेजारी झोपली होती. आणि तिनं रोज, न चुकता, त्याच्या नाकातोंडावर ओलं फडकं गच्च गुंडाळून गळ्याशी गाठ मारली होती. एकदाही तिचा हात थांबला नव्हता. तिला वाटत होतं की ती माती झाकतेय.

ती वळली आणि बाहेर पडली. पाठीमागे सप्रे काहीतरी बोलायला लागले आणि मारुतरावांनी त्यांना गप्प बसा म्हणून सांगितलं.

त्यानंतर बरेच दिवस बैठका बंद होत्या. सप्रे दोन्ही घरांत चकरा मारून थकले. बिल्कुल टेन्शन घेऊ नका, टाइम आहे, असं ते दोघांनाही सांगत आणि स्वतःच टेन्शन घेत. वृंदानं नवऱ्याचं ते डोकं फोडलं. ते तिनं रडत नाही, रागानं फोडलं, आणि राग कुणावर होता ते तिला सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याचा तिरस्कार करणं इतके दिवस किती सोपं होतं! आता त्या तिरस्काराला धरायला जागा सापडेना, म्हणून तिला त्यांचा आणखीच राग आला. वाळलेली माती मात्र फुकट जात नाही. ढेकळं टबात टाकून पाण्यात भिजवली की ती पुन्हा लोणी होते. तिनं ती भिजवली, चाळली, उपसली, मळली. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. हात रिकामे राहिले की तिला ती दोरी आठवायची.

पहिल्या सरी पडून गेल्यावर एका सकाळी तिनं पाइपावर पुन्हा तार गुंडाळली. सप्रेंना काही कळवलं नव्हतं. हॉलची किल्ली दाराला लावलेलीच होती, कुणीतरी आधीच येऊन खिडक्या उघडून गेलं होतं. ती माती थापत असताना मागे पावलं वाजली. तिला वाटलं सप्रे असतील.

मारुतराव होते. ब्लेझर नव्हता, टाय नव्हता, पदकं नव्हती. साधा सदरा होता. ते येऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी मान वर केली.

वृंदानं पहिल्यांदा त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी मिशा काढल्या होत्या. चेहरा अर्धा झाला होता. रापलेल्या तोंडाच्या मध्ये नाकाखालची पट्टी बँडेज काढल्यावर दिसते तशी पांढरीफटक होती. जन्मात तिला ऊन लागलं नसावं. एका जागी ब्लेड लागून रक्त सुकलं होतं. आणि त्या पट्टीखाली ओठ होता, डावीकडे किंचित खाली झुकलेला, मधोमध पन्हळ असलेला, काही बोलायचंय पण बोलत नाही असा. तिनं दोनदा, तीनदा लावून पाहिलेला आणि न आलेला. तो तिला लगेच आठवला. आठवला म्हणजे समोर आला.

"सप्रेला सांगितलंय, गेटपाशी तुळशीची कुंडी ठेवा म्हणून. माझं तोंड तिथे नको," मारुतराव म्हणाले. "तेव्हा म्हातारपण वगैरे घालायचं काम नाही."

ती त्यांच्या ओठाकडेच बघत उभी होती.

"माफी मागायला आलेलो नाही मी. तुझ्याविषयी माझं मत आहे तेच आहे."

"माझंही," वृंदा म्हणाली.

"मग बघत काय उभी राहिलीस? मोजून घे. पुन्हा वाढायच्या आत." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि झाकायचं नाही याला."

"उघडं ठेवलं तर पुन्हा तडकेल. सारखं पाणी मारत बसावं लागतं."

"मी मारीन. मला काय काम आहे?"

तिनं मातीचे हात आपल्या पदराला पुसले आणि कॅलिपर घेतला. त्याचं टोक ओठाच्या कडेला टेकवलं तेव्हा तो ओठ थरथरत होता. हलू नका, असं तिनं त्यांना खडसावलं. त्यांनी डोळे मिटले, खुर्चीचा हात घट्ट धरला आणि ते हलायचे थांबले, आणि तिनं माप घेतलं.